वही कोणाच्या हाती?



ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या गुरुजींच्या मेजावर एक जाडजूड वही असे. शाळेत येणारे पाहुणे भाषणाच्या भरात काही ना काही कबूल करीत. कोणी नवी खोली, कोणी विहीर, कोणी पुस्तके. गुरुजी दिनांक घालून ते शब्द टिपून ठेवीत. पुढे पुष्कळ पानांवर ‘पूर्तता’ हा रकाना कोराच राहिला. मी एकदा विचारले, “गुरुजी, या वहीचा उपयोग काय?” ते म्हणाले, “उपयोग वही कोणाच्या हाती आहे, त्यावर ठरतो.”

या वाक्याचा अर्थ मला विधिमंडळांचा इतिहास वाचताना उमगला. केंद्रीय कायदेमंडळाचे कार्यालय प्रारंभी सरकारच्याच एका खात्याच्या अधीन होते. ज्याला जाब विचारायचा, त्याच्याच पदरी कारकून! १९२५ साली अध्यक्षपदी निवडून आलेल्या विठ्ठलभाई पटेलांनी ही विसंगती ओळखली आणि सरकारशी झगडून १० जानेवारी १९२९ रोजी सभागृहाचे स्वतंत्र कार्यालय अस्तित्वात आणले. आपल्या राज्यघटनेने हेच तत्त्व संसदेसाठी अनुच्छेद ९८ मध्ये आणि राज्यांसाठी अनुच्छेद १८७ मध्ये ग्रथित केले आहे.

लोकलेखा समितीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. ती १९२१ पासून होती. पण तिचे अध्यक्षपद अर्थखात्याच्या प्रमुखाकडे आणि लेखनकामही त्याच खात्याकडे असे. १९५० साली ती सभापतींच्या नियंत्रणाखाली आली, तेव्हाच तिला खरा कणा लाभला. १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाच्या सदस्याकडे देण्याचा प्रघात पडला.

या घडणीत एका मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले गणेश वासुदेव मावळंकर हे लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९५३ साली, शासकीय आश्वासन समिती स्थापन झाली. ‘माहिती मागवू’, ‘विचार करू’ असे मंत्री सभागृहात बोलून जातात. कामकाजाच्या नोंदीतून असे शब्द वेचले जातात. पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत अपेक्षित असते. ती टळली तर समिती विचारणा करते. लोकसभेच्या या समितीत पंधरा सदस्य असतात आणि मंत्र्याला तिचे सदस्य होता येत नाही. गुरुजींची वही येथे योग्य हाती पोहोचली, असे मला वाटते.

आपल्या बैहरचा या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. हा बालाघाट जिल्हा पूर्वी नागपूरच्या विधिमंडळाकडे पाहत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्यप्रदेशात राहिलो आणि आपली राजधानी भोपाळ झाली. राजधानीपासून दूर असलेल्या अशा अरण्यप्रदेशात सरकार पुष्कळदा केवळ शब्दरूपानेच पोहोचते. रस्त्याविषयी, दवाखान्याविषयी सभागृहात उच्चारलेला शब्द हरवला, तर आपल्याजवळ दुसरे काय उरते? मध्यप्रदेश विधानसभेतही आश्वासनांची आणि याचिकांची अशा दोन्ही समित्या आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

मी भाबडा आशावाद सांगत नाही. समिती शिफारस करते, हुकूम देत नाही. तिचे अहवाल फडताळात धूळ खात पडू शकतात. परंतु नोंदलेला शब्द आणि विसरलेला शब्द यांत अंतर आहे. नोंदलेल्या शब्दावर कोणीतरी, कधीतरी बोट ठेवू शकतो.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या गावाविषयी विधानसभेत काय बोलले गेले, ते दिनांकासह टिपून ठेवा आणि आपल्या आमदाराला विचारा: त्या आश्वासनाचे पुढे काय झाले? गुरुजींच्या वहीतील कोरा रकाना भरण्याचे काम आता तुमच्याकडे आले आहे.