घरी बांधलेला अँप्लिफायर आणि त्याचा डबा
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



कार्यवाहांनी सांगितलं, "तुम्ही घरी काहीतरी ठोकत बसता, त्यावरच बोला." म्हणून उभा आहे. मी डिप्लोमावाला माणूस. सिग्नल आणि टेलिकॉममध्ये नोकरी, त्यामुळे सोल्डरिंगचा वास अंगाला लागलेलाच. तरी आज ऑफिसचं काही बोलणार नाही. (डब्याचा पत्रासुद्धा रेल्वेच्या स्क्रॅपमधला नाही, हे आधीच सांगून टाकतो!)

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो पैशांचा. स्वस्त पडतो का? नाही. आज तळहाताएवढे क्लास-डीचे बोर्ड मिळतात आणि तयार अँप्लिफायर त्याहून सोपा. मग कशाला? एक कारण आवड. दुसरं कारण मी जरा वेळाने सांगतो, ते जास्त महत्त्वाचं आहे.

मी वापरला तो आयसी म्हणजे एलएम ३८८६. अकरा पायांचा. मूळ नॅशनल सेमिकंडक्टरचा. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. हौशी मंडळींत हा आयसी फार लोकप्रिय, आणि म्हणूनच बाजारात नकली माल भरपूर. हावड्याची लोकल पकडून कोलकात्याच्या चांदनी मार्केटात जावं, दोन दुकानं जास्त फिरावीत, पण अगदीच स्वस्त सांगणाऱ्याकडून घेऊ नये.

ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ व्होल्ट, ५ अँपिअर. एसीचे १८ व्होल्ट डायोडमधून गेले आणि कॅपॅसिटरवर साठले की साधारण २५ होतात, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला वजा. त्यातून ८ ओहमच्या स्पीकरला चॅनलमागे २५ ते ३० वॅट मिळतात. तुम्ही म्हणाल, एवढेसेच? बाजारातल्या छोट्या डब्यावर तर 'पीएमपीओ हजार वॅट' छापलेलं असायचं! तो आकडा विसरा. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा साधा स्पीकर घेतला तर ३० वॅटला तो जवळजवळ १०५ डेसिबल देतो. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या हॉलला ३० वॅट पुरून उरतात.

इथे एक गंमत सांगतो. आपल्या खरगपूरचा फलाट १०७२ मीटरचा. एकेकाळी जगात सर्वांत लांब. २०१३ मध्ये गोरखपूरने आणि २०२३ मध्ये हुबळीने मागे टाकलं, पण आपल्याला तो अजून पुरेसा लांब आहे हे सामान उचलणाऱ्याला विचारा. एवढ्या लांब ८ ओहमचा स्पीकर साध्या तारेने जोडला तर निम्मा आवाज तारेतच जिरेल. म्हणून उद्घोषणेच्या अँप्लिफायरमधून १०० व्होल्टची लाइन काढतात आणि प्रत्येक स्पीकरपाशी छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतात. व्होल्ट जास्त, प्रवाह कमी, म्हणून नुकसान कमी. इंजिनाला वरच्या तारेतून २५,००० व्होल्ट देतात त्यामागे हेच गणित आहे. घरात तार दोन मीटरची, तिथे ही भानगड नको.

आता डबा. मला विचाराल तर अँप्लिफायर म्हणजे निम्मा डबाच. सर्किट सगळे नीट जोडतात, डब्यात घोळ होतो.

मी २ मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा घेतला. ट्रान्सफॉर्मर एका कोपऱ्यात, सिग्नलचं इनपुट त्याच्या तिरक्या समोरच्या कोपऱ्यात. जितकं लांब तितकं बरं. ट्रान्सफॉर्मर गोल, म्हणजे टोरॉइडल असेल तर तो मधल्या एकाच बोल्टने तळाला बसतो. त्या बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकता कामा नये. टेकलं की बोल्ट, झाकण, बाजू आणि तळ मिळून ट्रान्सफॉर्मरभोवती धातूचा एक पूर्ण वेढा तयार होतो, आणि शॉर्ट झालेल्या वेढ्यातून जबरदस्त प्रवाह धावतो. झाकण बसवेपर्यंत सगळं ठीक, झाकण बसवलं की फ्यूज उडाला, असं कोणी सांगितलं तर आधी तो बोल्ट बघा.

हीट सिंक मोठाच घ्यावा. जोरात वाजताना दोन आयसी मिळून ३५ वॅटच्या आसपास उष्णता टाकतात. वॅटमागे एक अंश चढणारा हीट सिंक असेल, तर आपल्या मे महिन्यातल्या खोलीत तो ७५ अंशांच्या घरात जाईल. याहून लहान नको. आयसीची धातूची पाठ वजा सप्लायला जोडलेली असते, त्यामुळे मध्ये अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट लागते. भोक पाडल्यावर कडेला जी धारदार कोर राहते ती मोठ्या ड्रिलच्या टोकाने हाताने फिरवून काढा. ती कोर अभ्रक फोडते. स्क्रू आवळल्यावर मल्टिमीटरने पाठ आणि डबा यांत संपर्क नाही ना, ते पाहायचं. आणि आठव्या पायातून निदान अर्धा मिलिअँपिअर बाहेर गेला नाही तर हा आयसी म्यूट राहतो. पुष्कळ जण तो मेला समजून फेकून देतात.

मुख्य स्विच पहिल्यांदा दाबताना फेजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये ठेवा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. बल्ब जळत राहतो, बाकीचं वाचतं. हे काम एलईडीने होत नाही, तेव्हा जुना एखादा बल्ब जपून ठेवा. मग स्पीकर न जोडता आउटपुटला डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा.

आता ते दुसरं कारण.

काही वर्षांपूर्वी एका मंडपात गेलो होतो. कुठल्या ते राहू द्या. पाऊस पडून गेलेला, जमीन ओली, मुली अनवाणी गाण्याला उभ्या. अँप्लिफायर भाड्याचा. माइक हातात घेणारी मुलगी म्हणाली, "काका, मुंग्या येतात." मल्टिमीटर स्कूटरच्या डिकीत होता. माइकची जाळी आणि ओली जमीन यांच्यामध्ये नव्वदेक व्होल्ट. प्लग पाहिला तर अर्थची पिन कापलेली. का? तर म्हणे, "पिन काढली की हमिंग जातं."

खरं आहे, जातं. मिक्सर आणि अँप्लिफायर दोन वेगळ्या बोर्डांवर असले की दोघांच्या अर्थमधून एक वेढा बनतो आणि पन्नास हर्ट्झची घरघर येते. पिन कापली की वेढा तुटतो. पण माइकच्या तारेची जाळी थेट डब्याला जोडलेली असते. उद्या आत फेजची तार सुटून डब्याला लागली, तर अर्थ असेल तेव्हा फ्यूज उडतो. अर्थ नसेल तेव्हा पूर्ण २३० व्होल्ट त्या मुलीच्या हातात येतात. आम्ही तेव्हा लगेच सगळं बंद केलं. कार्यक्रम त्या दिवशी माइकशिवाय झाला, काही जण नाराज झाले, झाले तर झाले.

म्हणून आपल्या मंडळाचा डबा मी बांधायला घेतला. तीन पिनांचं सॉकेट. त्याची हिरवी तार सर्वांत आधी डब्याला. त्या जागेचा रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, फक्त त्याच कामाचा बोल्ट. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टवर अर्थ जोडायची नाही. हमिंगचा बंदोबस्त वेगळा. सिग्नलची, स्पीकरची आणि सप्लायची ग्राउंड एकाच बिंदूवर, तोही दोन मोठ्या कॅपॅसिटरच्या जोडापासून थोडा बाजूला, कारण त्या जोडातून सेकंदाला शंभर वेळा प्रवाहाचे धक्के जातात. आवाजावरूनही ओळखता येतं: कर्कश भुणभुण असेल तर रेक्टिफायरची बाजू, खर्जातली घरघर असेल तर अर्थचा वेढा किंवा ट्रान्सफॉर्मर फार जवळ. मिक्सर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावायचे. तरीही राहिलं तर ऑडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालायचा. मंडपाच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आपण बसवला आहेच.

आत्ता माझा आवाज याच डब्यातून येतो आहे. भाषण संपलं की झाकण उघडून टेबलावर ठेवतो, मुलांनी पुढे यावं. प्लग काढलेला असेल, पण पहिली दोन मिनिटं कोणी हात लावू नका. कॅपॅसिटर रिकामे व्हायला तेवढा वेळ लागतो.