निवांत खोली
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं मागील पिढ्यांच्या श्रमांची आठवण व्हावी हें योग्यच. तथापि ख्रिस्तमंदिराच्या आवाराबाहेरील एका लहानशा गोष्टीकडे मी आज आपलें लक्ष वेधूं इच्छितों.

११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत यवतमाळ येथें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें ९२ वें अधिवेशन भरलें. पहिला दिवस शुक्रवार होता. अशा मेळाव्यांत मुसलमान रसिकास जुम्म्याची नमाज असते, बौद्ध बंधूस ध्यानास बसावेंसें वाटतें, दुपारीं बारास आमच्यापैकीं एखाद्यास देवदूताची प्रार्थना म्हणावयाची असते. आणि ज्याच्या घरीं नुकताच मृत्यु झाला आहे, त्यास नुसतें डोळे मिटून बसावयाचें असतें. आमच्या नाट्यगृहांत, क्रीडासंकुलांत चहाची सोय असते, गाड्या ठेवण्याची असते. घटकाभर निवांत बसण्याची क्वचितच. ज्या जिल्ह्यानें कापूस पिकविणाऱ्या इतक्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तेथें ही उणीव क्षुल्लक म्हणवत नाहीं. अशा प्रत्येक सार्वजनिक वास्तूंत एक खोली सर्व धर्मांच्या लोकांसाठीं राखून ठेवावी, एवढेंच माझें मागणें आहे.

यानें धर्मांची खिचडी होईल, अशी शंका आपल्यापैकीं कांहींजणांस येईल. २७ ऑक्टोबर १९८६ रोजीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं निरनिराळ्या धर्मांच्या प्रमुखांस असिसी येथें शांततेसाठीं बोलाविलें. त्यांस प्रार्थनेसाठीं निरनिराळ्या जागा दिल्या होत्या. मागाहून सर्वजण एकत्र जमले, व प्रत्येकानें आळीपाळीनें आपापल्या रीतीनें प्रार्थना केली. एकाची प्रार्थना दुसऱ्याच्या तोंडीं घातली गेली नाहीं.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत सेवाग्रामची प्रार्थनाभूमि आहे. गांधीजी १९३६ सालीं त्या गांवीं राहावयास आले. उघड्या आकाशाखालची ती जागा. तेथें मूर्ति नाहीं, वेदी नाहीं. (गांधीजींच्या आवडत्या गीतांपैकीं एक न्यूमन यांचें होतें, आणि त्याच न्यूमन यांस २०१९ सालीं आपल्या ख्रिस्तसभेनें संत म्हणून घोषित केलें.) सेवाग्रामीं सर्व मिळून प्रार्थना करीत, माझ्या खोलींत तेवढीही अपेक्षा नको. न्यूयॉर्क येथें संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींत डाग हामरशोल्ड यांनीं १९५७ सालीं ध्यानाची खोली नव्यानें सिद्ध केली. तिच्या मध्यभागीं लोहखनिजाचा एक प्रचंड ठोकळा आहे. कोणत्याही धर्माचें चिन्ह नाहीं.

आपल्याला लोखंडही नको. स्वच्छ सतरंजी, जोडे काढण्यास जागा, वजूसाठीं बाहेर नळ, एक खिडकी. ध्वनिवर्धक मुळींच नको. बायकांस तेथें निःसंकोच येतां यावें.

मला भीति वाटते ती किल्लीची. खोलीस कुलूप लागेल आणि आंत मोडक्या खुर्च्या जातील. किंवा कोणी भक्तिभावानें एक तसबीर लावील, दुसरा तिच्याशेजारीं आपली लावील, आणि तिसरा येईनासा होईल. ती पहिली तसबीर आपल्या पवित्र मातेचीही असूं शकेल. तेव्हां ती उतरविण्यास आपणच पुढें झालें पाहिजे. हें बोलतांना मला स्वतःलाच जड जात आहे. पण तिचें स्थान येथें, या मंदिरांत, अढळ आहे.

नगरपालिकेकडे करावयाच्या अर्जाचा मसुदा बाहेर पडवींत ठेवला आहे. इतर धर्मांच्या मंडळींकडेही तो न्यावयाचा असल्यामुळें वरची जागा कोरी सोडली आहे. ज्यांस पटेल त्यांनीं खालीं सही करावी.