दादीची बरणी

आमच्या घरात दारूचं नाव काढायची सोय नव्हती. पण दादीच्या फळीवर चिनी मातीची एक बरणी असे. उन्हाळ्यात तिच्यात उसाचा रस भरायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि विसरून जायचं. पुढे त्याचा सिरका होई. मधल्या दिवसांत बरणीतून एक निराळाच वास सुटे. विचारलं की दादी म्हणे, ‘अजून झाला नाही, हात लावू नको.’

त्या वासाचं नाव मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मी बी. ए. झालेला माणूस, माझ्या लेखी मोल म्हणजे किंमत. बारावीतली भाची हसली. ‘मामू, मोल म्हणजे डझनासारखा. अंडी बारा मोजायची, रेणू सहावर तेवीस शून्यं इतके.’ एक मोल ग्लुकोज १८० ग्रॅम. ते आंबलं की हिशेबानं ९२ ग्रॅम अल्कोहोल होतं, उरलेला ८८ ग्रॅम कर्बवायू उडून जातो. मग जिवाणू हवेतला ऑक्सिजन घेऊन ४६ ग्रॅम अल्कोहोलचं ६० ग्रॅम ॲसेटिक ॲसिड करतात. तोच सिरका. म्हणजे मधले काही दिवस आमच्या नमाजी दादीच्या फळीवर चक्क दारू होती! अर्थात आपोआप सिरका झाला की तो चालतो, असं आमच्यातले जाणकार पूर्वीपासून सांगत आलेत. दादीला हिशेब नव्हे, थांबणं ठाऊक होतं.

पुढचं उदाहरण मिथेनॉलचं होतं. दिसायला तसंच, स्पिरिटचं भावंड. पोटात गेलं की यकृतात त्याचंही ऑक्सिडेशन होतं. आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक ॲसिड. पिण्याच्या अल्कोहोलचं शेवटी ॲसेटिक ॲसिड होतं, ते शरीर जाळून टाकतं. फॉर्मिक ॲसिड साठत जातं आणि डोळ्याची नस धरतं. आधी नुसती नशा वाटते. धुकं येतं ते बरेच तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी. माणूस म्हणतो, झोपलो की उतरेल. तिथेच घात होतो. वेळेत दवाखाना गाठला तर उपाय आहे, आणि तो अजब आहे: डॉक्टर कधी कधी साधं अल्कोहोलच देतात. यकृतातलं विकर त्याच्यात गुंततं आणि मिथेनॉल न बदलता बाहेर पडायला वेळ मिळतो. गरज पडली तर डायलिसिस. हे घरी करायचं काम नव्हे.

२०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला याच मिथेनॉलनं शंभरावर माणसं गेली.

भाचीच्या गणितात मिथेनॉल ८ ग्रॅम दिलं होतं. ‘पाव मोल,’ ती म्हणाली, ‘साडेअकरा ग्रॅम फॉर्मिक ॲसिड.’

‘८ ग्रॅम म्हणजे मापानं किती गं?’

‘दहा मिलीलिटर. चहाचे दोन चमचे.’

तेवढ्यानंसुद्धा माणूस आंधळा होऊ शकतो. उत्तर बरोबर होतं, ती पान उलटायला निघाली. मी तिचा हात धरला आणि आपल्याच नगर तालुक्यातल्या पांगरमलची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी २०१७, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचे दिवस, विषारी दारू आणि एकामागून एक गेलेली माणसं. तेव्हा ती तिसरीत होती.