‘आस्क’ : विचारणे आणि मागणे

इंग्रजी भाषेशी ज्याची नुकतीच ओळख होऊ लागली आहे अशा विद्यार्थ्याला पहिल्या काही महिन्यांतच ‘आस्क’ हा शब्द भेटतो. लिहिण्यास तीन अक्षरे, उच्चारण्यास एक हिसका, आणि अर्थ काय, तर ‘विचारणे’. इतके पाठ झाले की विद्यार्थी निश्चिंत होतो. पण ही निश्चिंती फार काळ टिकत नाही. ‘आस्क हिज नेम’ म्हणजे त्याचे नाव विचार, हे ठीक. परंतु ‘आस्क फॉर वॉटर’ म्हणजे पाणी विचार नव्हे, पाणी माग. ‘आस्क हिम टु वेट’ म्हणजे त्याला थांबावयास सांग. आणि ‘आस्क देम टु डिनर’ म्हणजे त्यांना जेवावयास बोलाव. विचारणे, मागणे, सांगणे, बोलावणे असे चार मराठी धातू या एका तोकड्या शब्दाने आपल्या पदराखाली घेतले आहेत. ‘आस्क आफ्टर’ म्हटले की त्यात खुशालीची विचारपूसही येते.

मराठी माणसाची इंग्रजी बोलताना जी काही ठराविक ठिकाणी फसगत होते, त्यांपैकी एक ठिकाण हेच होय. ‘मी त्याला विचारले’ यातील ‘ला’ त्याच्या मनातून जात नाही, म्हणून तो ‘आय आस्क्ड टु हिम’ असे म्हणून बसतो. वस्तुतः ‘आस्क’ या क्रियापदाला ज्याला विचारावयाचे त्याच्यापूर्वी कोणतेही अव्यय लागत नाही. उलट जेथे वस्तू मागावयाची तेथे ‘फॉर’ हवाच. तो गळला की वाक्य लंगडे होते. तीच गोष्ट ‘आस्क अ डाउट’ या प्रयोगाची. आपल्याकडे शंका विचारली जाते, म्हणून भारतातील वर्गावर्गांतून ‘डाउट’ही विचारला जातो. इंग्लंडातील श्रोता मात्र हे ऐकून क्षणभर थबकतो. कारण त्याच्या भाषेत प्रश्न विचारतात, शंका मनात असते.

या शब्दाचे कूळ पाहू गेल्यास ते आपल्या घरापासून फार दूर नाही असे आढळते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांच्या साम्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यानंतर जे तौलनिक भाषाशास्त्र वाढले, त्याने ‘आस्क’ आणि संस्कृतातील ‘इच्छति’ ही रूपे एकाच मूळ धातूपासून निघाल्याचे दाखवून दिले आहे. त्या धातूचा अर्थ इच्छिणे, शोधणे. म्हणजे इंग्रज जेव्हा ‘आस्क’ म्हणतो, तेव्हा मुळात तो ‘मला हवे आहे’ एवढेच सांगत असतो. हवे असलेले ज्ञान असेल, वस्तू असेल, किंवा एखाद्याची सोबत असेल. शब्दाला त्याची फिकीर नाही. चार अर्थ एका शब्दात कसे मावले याचे रहस्य या मूळ इच्छेत आहे.

याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. आपल्या ‘प्रश्न’ आणि ‘पृच्छा’ या शब्दांचा इंग्रजीतील आप्त कोणता, तर ‘प्रे’, म्हणजे प्रार्थना करणे! लॅटिनमधील ‘प्रेकारी’ आणि संस्कृतातील ‘पृच्छति’ हे सगोत्र आहेत. एका मुळाची एक फांदी आपल्याकडे प्रश्न झाली, दुसरी युरोपात प्रार्थना झाली. इकडची इच्छा तिकडे विचारणा होते आणि इकडची पृच्छा तिकडे प्रार्थना होते. हा अदलाबदलीचा खेळ पाहिला म्हणजे जाणून घेणे आणि हात पसरणे या दोन क्रिया माणसाच्या मनात प्रारंभी किती जवळ राहत होत्या, याची कल्पना येते.

या शब्दाच्या उच्चाराचाही एक लहानसा इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत ‘आस्क’ आणि ‘आक्स’ अशी दोन्ही रूपे नांदत होती. चौदाव्या शतकातील कवी चॉसर याच्या लेखनात ‘आक्स’ आढळते. विल्यम टिंडल याने १५२६ साली प्रसिद्ध केलेल्या नव्या कराराच्या भाषांतरातही ते आहे. पुढे ‘आस्क’ प्रतिष्ठित झाले आणि ‘आक्स’ गावंढळ ठरले. आज अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात व वेस्ट इंडीजमध्ये ‘आक्स’ ऐकू येते, आणि शाळामास्तर त्यावर नाक मुरडतात. पण ज्याला अशुद्ध म्हणावयाचे ते एके काळी धर्मग्रंथाच्या पानावर होते. आपल्याकडेही ‘चिकटणे’ आणि ‘चिटकणे’ ही दोन्ही रूपे चालतात, आणि ‘नुकसान’ म्हणणारा ‘नुसकान’ म्हणणाऱ्याला हसतो. वर्णांची अदलाबदल ही भाषेची सहज खोड आहे. कोणते रूप पालखीत बसावयाचे आणि कोणते पायी चालावयाचे हे व्याकरणापेक्षा प्रतिष्ठा ठरविते.

एकाच शब्दाने विचारणे आणि मागणे ही रीत इंग्रजीपुरतीच आहे असे मात्र नव्हे. आपण ज्याला सवाल म्हणतो त्या शब्दाचे माहेर अरबी. अरबीत ‘सुआल’ म्हणजे प्रश्नही आणि याचनाही. म्हणून उर्दूत ‘सवाली’ म्हणजे प्रश्न विचारणारा नसून दारी आलेला याचक. मराठीने सवाल घेतला, पण त्याची झोळी घेतली नाही. आपल्याकडे तो तमाशाच्या फडात सवाल-जवाब होऊन ऐटीत उभा राहिला. बेळगाव, बंगळूर किंवा तंजावर येथे राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक उदाहरण रोज ऐकावयास मिळत असेल. कानडीतील ‘केळु’ आणि तमिळमधील ‘केळ्’ या धातूंचा अर्थ ऐकणे असाही आहे, विचारणे असाही आहे आणि मागणे असाही आहे. जो विचारतो त्याने ऐकलेही पाहिजे, हा केवढा शहाणपणा त्या दोन अक्षरांत साठविला आहे!

मराठीने मात्र या दोन क्रियांची घरे स्पष्टपणे वेगळी केली. ‘मागणे’ हा शब्द शोध घेणे या अर्थाच्या ‘मार्ग्’ धातूपासून आलेला आहे. विचारण्यासाठी पूर्वी ‘पुसणे’ हा शब्द होता; तो ‘पृच्छति’चा थेट वंशज आणि हिंदीतील ‘पूछना’चा सख्खा भाऊ. पण मराठीत पाटी पुसण्याचे ‘पुसणे’ही त्याच उच्चाराचे असल्यामुळे असेल, किंवा अन्य कारणाने असेल, हा शब्द मागे पडला आणि ‘विचारणे’ पुढे आले. आज तो ‘विचारपूस’ या जोडशब्दात तेवढा रोज भेटतो. इंदूरच्या किंवा दिल्लीच्या मराठी घरातील मुलाला येथे नेहमी अडखळावयास होते. कारण हिंदीत ‘विचारना’ म्हणजे मनाशी विचार करणे, आणि मराठीत ‘विचारणे’ म्हणजे दुसऱ्याला प्रश्न करणे. मराठीच्या या योजनेत एक सूक्ष्म मर्म आहे. प्रश्न विचारावयाचा म्हणजे आधी स्वतः विचार करावयाचा आणि मग समोरच्यास तो करावयास लावावयाचा. येथे विचारणारा याचक राहत नाही; तो विचारात सहभागी होतो.

बाजारात गेले की हा भेद आणखी ठसठशीत दिसतो. मंडईत भाव विचारतो तो गिऱ्हाईक. इंग्रजीत मात्र ‘आस्किंग प्राइस’ ही विक्रेत्याची असते. तो जी किंमत मागतो ती. रोखेबाजारातही ‘बिड’ हा घेणाऱ्याचा भाव आणि ‘आस्क’ हा देणाऱ्याचा. शब्द एकच, पण मराठीत तो वापरणारा दुकानाबाहेर उभा, तर इंग्रजीत गल्ल्यावर बसलेला. क्रिकेटचे समालोचन ऐकणाऱ्यांना ‘आस्किंग रेट’ परिचित आहे. तेथे तर मागणारा माणूसच नाही. उरलेल्या धावा आणि उरलेली षटके मिळून फलंदाजाकडे मागणी करीत असतात.

कचेरीच्या इंग्रजीत ‘आस्क’ फारसा आढळत नाही. तेथे त्याची भारदस्त भावंडे वावरतात : ‘रिक्वेस्ट’, ‘इन्क्वायर’, ‘रिक्वायर’, ‘डिमांड’. यांतील पहिली तिन्ही शोधणे या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून निघाली, पण एकीच्या हातात अर्ज आला, दुसरीच्या हातात चौकशीचा कागद आणि तिसरीच्या हातात हुकूम. ‘डिमांड’ची कथा निराळी. फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे साधे विचारणे अथवा मागणे; तेच इंग्रजीत आल्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. तथापि, आपल्या संविधानाच्या ११३ व्या अनुच्छेदानुसार सरकार लोकसभेपुढे ज्या अनुदानाच्या मागण्या ठेवते, त्यांना इंग्रजीत ‘डिमांड्स’च म्हणतात. सर्व सत्ता हाती असलेले शासनही जनतेच्या प्रतिनिधींपुढे मागणारे म्हणून उभे राहते, आणि मागणी नाकारण्याचा किंवा कमी करण्याचा अधिकार सभागृहाकडे असतो. लोकशाहीत मागणे हे कमीपणाचे नाही, याचा याहून उघड दाखला कोणता?

विचारण्याचे सामर्थ्यही याच सभागृहात दिसून आले आहे. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतविल्याविषयी लोकसभेत प्रश्न विचारले गेले. फिरोज गांधी यांनी तो विषय चर्चेत लावून धरला. न्यायमूर्ती छागला यांच्याकडून उघड चौकशी झाली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. प्रारंभ झाला तो प्रश्नांपासून.

परंतु सभागृहाबाहेरच्या सामान्य माणसाचे काय? २००५ साली संसदेने माहितीचा अधिकार अधिनियम संमत केला. महाराष्ट्राने त्यापूर्वीच, २००२ साली, स्वतःचा तसा कायदा केला होता. केंद्राच्या कायद्याची शब्दयोजना लक्षणीय आहे. माहिती मिळविण्याची ज्याला इच्छा असेल त्याने विनंती करावी, असे त्यात म्हटले आहे. ‘आस्क’च्या मुळाशी असलेली इच्छाच येथे पुन्हा प्रकट झाली. ती माहिती का हवी, याचे कारण अर्जदाराने देण्याची गरज नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घेण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तरास सामान्यतः तीस दिवसांची मुदत आहे; प्रश्न जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांची.

आणि येथेच विचारणे व मागणे यांतील मराठी भेद व्यवहारात उपयोगी पडतो. पुष्कळ अर्जदार लिहितात, ‘आमच्या गावचा रस्ता का झाला नाही?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याला या कायद्याने उत्तर मिळेलच असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा येथील खंडपीठाने २००८ साली असा निर्णय दिला की, माहिती या शब्दाच्या व्याख्येत ‘का’ या प्रश्नाची उत्तरे बसत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली स्पष्ट केले की, जी माहिती कार्यालयाजवळ आहे ती द्यावयाची. मत अथवा सल्ला देण्याचे बंधन नाही. म्हणजे येथे विचारावयाचे नसून मागावयाचे आहे. ‘या रस्त्याच्या कामाचा मंजुरी आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती मिळाव्यात’ असे लिहिले की अर्ज टाळणे अवघड होते. आणि ते कागद हाती आले की ‘का’चे उत्तर बहुधा त्यांच्या पोटातच सापडते. कार्यालयाच्या निर्णयाची झळ ज्यांना पोहोचली असेल त्यांना कारणे कळविणे मात्र याच कायद्याच्या चौथ्या कलमाने बंधनकारक केले आहे. तेव्हा ‘का’ची वाट अगदीच बंद आहे असेही नव्हे.

खिडकीपलीकडे बसलेल्या अधिकाऱ्याच्या कानांवरही यात जबाबदारी येते. एखादी वृद्ध स्त्री येऊन ‘माझ्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचे काय झाले?’ असे म्हणते, तेव्हा ती विचारीत असते. ऐकणाऱ्याने ते मागणे समजले की त्याचा आवाज चढतो, आणि तिचा हक्क पाहता पाहता याचना होऊन बसतो. ज्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे तिथे ही चूक एक वेळ क्षम्य मानता येईल. मराठीने हे दोन शब्द वेगळे करून ठेवले आहेत. त्या भाषेत कारभार करणाऱ्याला ती सबब राहिलेली नाही.