लॅपटॉपचा माइक आणि जात्याची घरघर



सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. कोजागिरीच्या सुमारास आईच्या दर्शनाला पायी निघालेल्यांनी हा रस्ता फुलून जातो. एरवी मालट्रकांची रीघ. आवाज मुद्रित करायला ही जागा काही सोयीची नव्हे. पण जात्यावरच्या ओव्या ज्यांना पाठ आहेत त्या म्हाताऱ्या इथे राहतात, तेव्हा माइकनेच त्यांच्या दारी जायला हवे.

मी गेलो आणि फसलो. ते आधी सांगतो.

एका आजींनी अडगळीतले जाते काढले, खुंटा ठोकला, ज्वारीची वैरण घातली आणि अर्धा तास गात राहिल्या. मी लॅपटॉप समोर ठेवून निवांत बसलो. घरी येऊन ऐकतो तो काय, आजी आहेत, पण जाते नाही! ओवीचा लांबवलेला सूरही मध्येच गिळलेला. माइक बिघडला म्हणावे, तर तो बिचारा ठीक होता. लॅपटॉपमध्ये बोलणे स्वच्छ यावे अशी सोय असते. पंख्यासारखा एकसारखा आवाज ती कचरा समजून गाळते. जात्याची घरघर तिच्या लेखी पंखाच! मी परत जाईतो आजींचा खांदा धरला होता. पुन्हा दळण झाले नाही.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, घर सोडण्यापूर्वीच हे पाहा. लॅपटॉप विंडोजचा असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड असे आत जा आणि ‘इनपुट’मध्ये आपला माइक निवडा. तिथली ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. वर्गाचा पाठ बोलायचा असेल तर मात्र ती खुशाल चालू ठेवा. बाहेरचा माइक लावणार असाल तर त्याची पिन पाहा: लॅपटॉपला एकच भोक असेल तर पिनेवर तीन रेघा हव्यात. दोनच रेघा असल्या तर बहुधा आतलाच माइक चालू राहतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

माइक तोंडापासून वीतभर, जरासा बाजूला. आवाजाची पट्टी टोकाला टेकू देऊ नका. फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. चार्जर काढून ठेवा, नाहीतर कधी कधी बारीक गुणगुण शिरते. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून भिंतीला दोन गोधड्या टांगा. रस्त्याकडचे दार लावा.

एवढा खटाटोप कशाला, ओव्या वहीत उतरून घ्याव्यात, असे कोणी म्हणेल. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांनीही लिहून घेतल्याच; पण १९९० च्या दशकात त्यांतल्या पुष्कळ टेपवरही घेतल्या गेल्या. त्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. बाई दम कुठे घेते, जाते जड झाले की शब्द कसा ओढते, हे वहीत कसे यावे?

आता जाल तेव्हा आजींना लगेच गायला लावू नका. थोडे दाणे घालून मिनिटभर नुसते दळायला सांगा. तेवढेच मुद्रित करा, हेडफोन कानाला लावून ऐका. घरघर नीट आली की म्हणा, “हं आजी, घाला वैरण.”