एका सुताराचें स्मरण
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंतील भाषण)



आजच्या मंगल दिवशीं ज्यांनीं या देवळास देणग्या दिल्या, त्यांचीं नांवें आपण आदरानें वाचलीं, आणि तें योग्यच झालें. परंतु ज्यांचें नांव कोणत्याहि पाटीवर कोरलेलें नाहीं, अशा एका मित्राचें स्मरण करण्याची आम्हांस परवानगी असावी. ते धंद्यानें सुतार, धर्मानें हिंदु. देवळामागच्या गल्लींत, घराच्या पडवींतच त्यांचें दुकान होतें. सारा गांव त्यांस मिस्त्री म्हणे. आम्हीहि तसेंच म्हणत असूं.

आम्ही येथें प्रथम आलों ते सहायक धर्मगुरु म्हणून. सेमिनरींत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकून आलेले. वय लहान, शब्द मात्र मोठे. त्या वर्षीं सॅक्रिस्टीचें दार वाळवीनें खाल्लें, म्हणून चैत्रांत मिस्त्रींनीं सागवानाचें नवें दार करून बसविलें. दार व चौकट यांमध्यें जाड पुठ्ठा शिरेल एवढी फट राहिली होती. ती पाहून आम्हांस राग आला. रविवारच्या मिस्सानंतर लोक अंगणांत उभे असतां, “देवाच्या घरचें काम असें करतात काय?” असें आम्हीं त्यांस सर्वांदेखत विचारलें.

ते एवढेंच म्हणाले, “फादर, लाकूड अजून पाणी प्यालेलें नाहीं. आषाढ येऊं द्या.”

आम्हांस ती सबब वाटली. मजुरीची शेवटची रक्कम आम्हीं अडकवून ठेविली. त्यांनीं ती मागितली नाहीं.

वसईचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. आषाढांत देवळाचीं इतर दारें फुगून अडूं लागलीं; तीं खांद्यानें ढकलावीं लागत. सॅक्रिस्टीचें दार तेवढें अलगद मिटे, आणि ती फट कोठें दिसेना. लाकूड हवेंतील ओलावा शोषतें. लांबींत तें फारसें वाढत नाहीं, पण रुंदींत फुगतें. उन्हाळ्यांत घट्ट बसविलेलें दार पावसाळ्यांत चौकटींत अडकावें, हा त्याचा धर्मच आहे. आम्ही ज्यास हयगय समजलों, ती दूरदृष्टि होती.

भर पावसांत पैसे घेऊन आम्ही त्यांच्या पडवींत गेलों. मिस्त्री रंधा मारीत होते. समोर एक शवपेटी होती, आणि तिची लांबी दोन हातांहून अधिक नव्हती. आमच्याच धर्मग्रामांतील एका गरीब घरचें बाळ त्या पहाटे वारलें होतें. मुलांच्या पेटीचे पैसे ते कोणाकडूनहि घेत नाहींत, हें त्यांच्या पत्नीनें आम्हांस हलक्या आवाजांत सांगितलें. ज्या हातांची मजुरी आम्हीं तीन महिने अडकविली, ते हात हें काम करीत होते.

आम्हीं क्षमा मागितली. “बसा फादर, अगोदर चहा घ्या,” ते म्हणाले. तेथून आमची मैत्री सुरू झाली, ती ते गेले तोंवर टिकली.

शुभवर्तमानांत संत योसेफाच्या धंद्यासाठीं ‘तेक्तोन’ हा ग्रीक शब्द आहे. सुतार, बांधकाम करणारा कारागीर, असा त्याचा अर्थ. पोप बारावे पायस यांनीं 1955 सालीं 1 मे हा कामकरी संत योसेफाचा सण ठरविला. त्या सणाचें प्रवचन आम्हीं अनेकदां केलें. पण त्याचा अर्थ आम्हांस त्या पडवींत कळला होता.

तरी एक ऋण उरलें आहे. आम्हीं दोष दिला तो भर अंगणांत, आणि क्षमा मागितली ती चार भिंतींआड. आज ते हयात नाहींत, परंतु त्यांचीं मुलें-नातवंडें या मांडवांत बसलीं आहेत. त्यांच्यासमक्ष व आपणां सर्वांसमक्ष आम्ही म्हणतों : चूक आमची होती, दार बरोबर होतें.

बंधुभगिनींनो, माणसांच्या बाबतींतहि थोडी फट ठेवून वागावें. कोणाचा आषाढ केव्हां येईल, हें आपणांस दिसत नसतें. परमेश्वर त्या सज्जन आत्म्यास चिरशांति देवो, आणि आपणांस तशी दृष्टि देवो. आमेन.