लांकडी देह, लोखंडी चिलखत

सिनोपच्या बंदरांत १८५३ सालीं रशियन तोफांच्या स्फोटक गोळ्यांनीं तुर्कांचा लांकडी तांडा जाळून टाकला, तेव्हांच जुन्या लढाऊ जहाजांची घटका भरली. फ्रेंच नौकाशिल्पी द्युप्युइ द लोम याची ‘ग्लुआर’ १८५९ सालीं तूलों येथें पाण्यांत उतरली. तिच्या बाजूंवर सुमारें १२ सेंटिमीटर जाडीचे लोखंडी पत्रे होते. सांगाडा मात्र लांकडीच, कारण तो लोखंडाचा करण्याइतकें कारखान्यांचें बळ फ्रान्सपाशीं नव्हतें. तोफा ३६, बहुतेक एकाच मजल्यावर. पण त्यांच्या खिडक्या पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंच! खवळलेल्या दर्यांत त्या उघडाव्या तरी कशा? ब्रिटननें १८६० सालीं लोखंडी सांगाड्याची ‘वॉरियर’ पाण्यांत सोडली. ग्लुआर १८८३ सालीं मोडीत निघाली. वॉरियर आजहि पोर्ट्समथला उभी आहे.